जॉबवर्कच्या शॉपमध्ये मॉड्युलर पद्धत: आधी सांधा ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कुपवाड एमआयडीसीत पस्तीसेक माणसांचं मशीन शॉप आहे. साखर कारखान्यांच्या गिअरबॉक्सचे स्पेअर, पंपांचे भाग, अधूनमधून थोडं फॅब्रिकेशन अशी कामं चालतात. मालकांनी सांगितलंय की आपलं काम मॉड्युलर करा, म्हणजे एकमेकांवर कमीत कमी अवलंबून असलेल्या तुकड्यांत बांधा. तुमची अडचण ही की प्रॉडक्ट तुमचं नाही. दर ऑर्डरला ग्राहकाचं नवं ड्रॉईंग येतं, मग मॉड्युलर करायचं तरी काय?

सांगली, मिरज, पलूस या पट्ट्यात मी एकोणतीस वर्षं प्रोसेसचं काम करतोय. सुरुवात फौंड्रीत झाली, मग मशीन शॉपमध्ये आलो, आता छोट्या कारखान्यांना सल्ला देतो. हाच प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या शॉपमधल्या हॉबिंगवाल्याला, म्हणजे गिअरचे दात कापणाऱ्याला, 'मॉड्यूल' म्हणजे काय ते विचारा. तो लगेच सांगेल, पिच व्यास (दात जिथे एकमेकांना भेटतात त्या कल्पित वर्तुळाचा व्यास) भागिले दातांची संख्या. 6 मॉड्यूलच्या 20 दातांच्या पिनियनचा (लहान गिअरचा) पिच व्यास 120 मि.मी., आणि 6 मॉड्यूलच्याच 63 दातांच्या गिअरचा 378. दोन्ही सरळ दातांचे आणि 20 अंश प्रेशर अँगलचे (दाताच्या बाजूच्या कलाचा कोन) असतील, तर 249 मि.मी. सेंटर अंतरावर ते एकमेकांत बसतात. एक कुपवाडला कापला आणि दुसरा साताऱ्याला, तरी बसतात. दात किती, मटेरियल कोणतं, हब केवढा, कीवे कुठे, हे ज्याचं त्याने ठरवावं. मॉड्यूल आणि प्रेशर अँगल मात्र दोघांनी पाळायचा. गिअरवाल्यांच्या भाषेत मॉड्यूल हा आकडा दोन भाग कुठे आणि कसे भेटणार ते सांगतो. मॉड्युलर पद्धतीबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं या जुन्या शब्दात आहे. आधी सांधा पक्का करायचा. तो पक्का झाला की तुकडे आपोआप पडतात आणि प्रत्येक तुकड्याच्या आत माणसाला मोकळीक मिळते.

ड्रॉईंग ग्राहकाचं असलं तरी प्रोसेस तुमची आहे. कोणतंही ड्रॉईंग आलं तरी चौकशी वाचणं, एस्टिमेट, मटेरियल, कटिंग, फिक्स्चर (मशीनवर भाग धरून ठेवणारं साधन), प्रोग्रॅम, मशीनिंग, तपासणी आणि डिस्पॅच या पायऱ्या होतातच. यातली एक पायरी बदलली, म्हणजे मशीन बदललं, व्हेंडर बदलला किंवा सेटर सोडून गेला, तर बाकीच्या किती पायऱ्या हलतात? जितक्या कमी हलतील तितकी तुमची प्रोसेस मॉड्युलर. मी हीच कसोटी लावतो.

बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच एक चूक होते. आहेत ते विभाग घेतात आणि प्रत्येकाला मॉड्यूल म्हणतात. पण विभागांच्या भिंती कोणती शेड कोणत्या साली बांधली, कोणता फोरमन कधी आला यावर ठरलेल्या असतात. कामाचे धागे त्या भिंतींमधून आरपार गेलेले असतात. म्हणून तुकडे पाडण्याआधी महिनाभर नुसती नोंद ठेवा. प्रत्येक पायरीवर एक वही टांगा. कोणालाही मागच्या किंवा पुढच्या पायरीवर जाऊन काही विचारावं लागलं, की एका ओळीत लिहायचं: कोणी कोणाला विचारलं आणि काय विचारलं. 'हा डेटम (मोजण्याची मूळ जागा) कुठून धरला?' 'हे बार कोणत्या हीटचे (भट्टीतल्या कोणत्या ओतीचे)?' 'ड्रॉईंगची नवी आवृत्ती आली का?' महिन्याच्या शेवटी चौकटीचा कागद घ्या. आडव्या ओळींत सगळ्या पायऱ्या लिहा, उभ्या रकान्यांत त्याच पायऱ्या पुन्हा लिहा, आणि प्रत्येक प्रश्नाची खूण योग्य घरात करा. डोनाल्ड स्टुअर्ड यांनी 1981 मध्ये डिझाइनच्या कामासाठी असा तक्ता मांडला होता. आपल्याला त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, रेघा मारलेलं रजिस्टर पुरतं.

जिथे खुणा दाट आहेत, त्या पायऱ्या एका तुकड्यात ठेवायच्या. जिथे विरळ आहेत, तिथे कापायचं. मिरजेच्या एका शॉपमध्ये आम्ही हे केलं तेव्हा सगळ्यात दाट खुणा प्रोग्रॅमर आणि फिक्स्चर बनवणारा यांच्यात निघाल्या. प्रोग्रॅमर वरच्या एसी केबिनमध्ये बसायचा आणि फिक्स्चरवाला खाली ग्राइंडरच्या शेजारी. दोघांची टेबलं एकत्र आणली, दोघांच्या नावाने एकच काम ठेवलं, आणि जिन्यावरची ये-जा थांबली. मॉड्युलर करणं म्हणजे दर वेळी तोडणंच असं नसतं. तिथे आम्ही जोडलं.

खुणा मोजताना कागदावर न दिसणारं नातं शोधायला विसरू नका. आपल्या भागात याचं उत्तम उदाहरण साखर कारखाना आहे, आणि तुम्ही त्यांचं काम करता म्हणून तुम्हाला ते जवळचं वाटेल. बाहेरून पाहिलं तर सगळं स्वच्छ तुकड्यांत दिसतं: ऊसतोडणी, मिल हाऊस, रसाची सफाई, इव्हॅपोरेटर, पॅन, सेंट्रिफ्युगल. प्रत्येकाचा इनचार्ज वेगळा आणि रोजचा रिपोर्ट वेगळा. मिलवाल्याला एक्स्ट्रॅक्शन (उसातून निघणारी साखर) वाढवायचं असतं, म्हणून तो शेवटच्या मिल्सवर इंबिबिशनचं, म्हणजे पिळलेल्या उसावर शिंपडायचं, पाणी वाढवतो. त्याचा आकडा सुधारतो. पण ते जादा पाणी पुढे इव्हॅपोरेटरवाल्याला उकळून उडवावं लागतं आणि त्यासाठी वाफ लागते. वाफ बॉयलरमधून येते. बॉयलर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालतो आणि बगॅस त्याच मिलमधून येतो. जादा पाणी नीट पिळलं गेलं नाही, तर बगॅसमधला ओलावा नेहमीच्या 50 टक्क्यांच्या आसपास राहत नाही, वर जातो. मग बॉयलर कमी वाफ देतो, नेमकी जेव्हा जास्त हवी असते तेव्हा. एका तुकड्याने स्वतःचा आकडा सुधारला आणि फेरा घालून त्रास पुन्हा त्याच्याच दारात आला. ऐन गळीत हंगामात या फेऱ्यावरून झालेली भांडणं मी जवळून पाहिली आहेत. दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक होती आणि दोघांचे रिपोर्ट खरे होते.

यावर उपाय म्हणजे पाण्याचं प्रमाण आणि बगॅसचा ओलावा मिल हाऊसच्या आत न ठेवता सांध्यावर आणायचा. दोघांच्या सहीने मर्यादा ठरवायची आणि दर शिफ्टला दोघांनाही दिसेल अशा फळ्यावर तो आकडा लिहायचा. तुमच्या शॉपमध्येही असा एखादा आकडा असणार, जो एका पायरीच्या मालकीचा समजला जातो पण भोगावा दुसरीला लागतो. कटिंगमध्ये सोडलेला मशीनिंग अलाउन्स (नंतर कापून काढण्यासाठी जादा ठेवलेलं मटेरियल) हा बहुतेक ठिकाणी तसा असतो. बँडसॉवाल्याला थोडं जास्त सोडणं सुरक्षित वाटतं आणि लेथवाल्याचे दोन कट वाढतात.

आता सांधा म्हणजे नक्की काय लिहायचं, ते कास्टिंगच्या अनुभवातून सांगतो. माझ्या उमेदीच्या काळात पंपाच्या केसिंगवरून फौंड्री आणि मशीन शॉपमध्ये कायम ओढाताण चालायची. फौंड्री म्हणायची, कास्टिंग ड्रॉईंगप्रमाणे आहे. मशीन शॉप म्हणायचं, बोअरला एका बाजूला मटेरियलच नाही. दोघांनी आपापल्या जागी मोजलेलं बरोबर असायचं. घोळ असा होता की फौंड्री साच्याच्या खालच्या पेटीतल्या पृष्ठभागावरून मोजायची आणि मशीन शॉप पहिल्या सेटअपला (पहिल्यांदा मशीनवर बांधताना) वरच्या पेटीत तयार झालेल्या पृष्ठभागावर धरायचं. दोन पेट्या जुळताना थोडा सरक राहतोच, आणि तो सगळा सरक बोअरवर येऊन पडायचा.

तोडगा निघाला तो 3-2-1 च्या नियमातून. कोणताही न वाकणारा भाग जागेवर ठरवायला सहा बिंदू पुरतात: मुख्य पृष्ठभागावर तीन, दुसऱ्यावर दोन आणि तिसऱ्यावर एक. आम्ही ते सहा बिंदू साच्याच्या एकाच पेटीत येतील असे निवडले, पार्टिंग लाइनपासून (दोन पेट्यांच्या जोडरेषेपासून) आणि रायझर-गेटच्या (धातू आत घेण्याच्या आणि पुरवण्याच्या) जागांपासून दूर. मग तेच सहा बिंदू पॅटर्नच्या ड्रॉईंगवर आणि मशीनिंगच्या ड्रॉईंगवर एकाच खुणेने छापले. फौंड्री त्यांच्यावरून मोजणार, मशीन शॉप त्यांच्यावरच धरणार. सांधा म्हणजे ते सहा बिंदू, त्यांच्यापासून मोजलेले अलाउन्स, आणि बदल करायचा असेल तर दोन्ही बाजूंची सही. फौंड्रीने पुढे वाळू बदलली, कोअरची पद्धत बदलली, पॅटर्न लाकडाऐवजी अॅल्युमिनियमचा केला. मशीन शॉपला काही कळवावं लागलं नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सांध्यावर जितकं कमी लिहाल तितकी आतली मोकळीक जास्त, पण जे लिहाल ते मोजता आलं पाहिजे. 'चांगल्या दर्जाचं कास्टिंग द्यावं' हे सांध्यावर लिहून काहीही होत नाही.

तुम्ही पंपांचे भाग करता, म्हणून हा विचार तुमच्या हातातूनच रोज जात असणार. किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये वसाहत उभी केली, तेव्हापासून हा सगळा पट्टा पंपांवर जगत आला आहे. बॅक पुल-आउट पंप उघडून पाहा. स्पेसर कपलिंग काढलं की मोटर जागेवर राहते, पाइपलाइन जागेवर राहते, केसिंगसुद्धा जागेवर राहतं, आणि इंपेलर, शाफ्ट, बेअरिंग हाउसिंग असा सगळा फिरता भाग मागे ओढून काढता येतो. आयएसओ 2858 हे मानक फ्लँजच्या जागा, शाफ्टची उंची अशी बाहेरची मापं ठरवून देतं. इंपेलरच्या पात्यांचा वळसा कसा असावा, हे ते सांगत नाही. तसंच 132 एम फ्रेमच्या मोटरचं. शाफ्टची उंची 132 मि.मी. आणि शाफ्टचा व्यास 38, मग मोटर कोणाचीही घ्या. आत वाइंडिंग तांब्याचं किती आणि कसं भरलंय, ते बनवणाऱ्याचं ज्ञान. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्ये हाच मुद्दा मांडला: जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता जास्त, तो एका तुकड्याच्या आत झाकून ठेवा, म्हणजे बदलाचा धक्का बाहेर जाणार नाही. मशीन शॉपमध्ये सगळ्यात जास्त काय बदलतं? मशीन, टूल आणि माणूस. म्हणून 'हा जॉब अमुक व्हीएमसीवरच (उभ्या स्पिंडलच्या संगणकी मशीनवरच) होतो' ही माहिती एस्टिमेटमध्ये, रूट कार्डात (जॉबच्या पायऱ्यांच्या कार्डात) आणि तपासणीच्या तक्त्यात सगळीकडे पसरलेली नसावी. ती एकाच ठिकाणी असावी.

आता एक चूक सांगतो, कारण तिने मला जास्त शिकवलं. एका ग्राहकासाठी आम्ही पिनियन करत होतो. काम छान तीन तुकड्यांत पाडलं होतं. दात कापणं आमच्याकडे, केस कार्ब्युरायझिंग (वरचा थर कडक करण्याची प्रक्रिया) बाहेरच्या व्हेंडरकडे, दातांचं ग्राइंडिंग तिसऱ्याकडे. तिन्ही सांधे लिहिलेले होते: ग्राइंडिंगसाठी सोडलेला अलाउन्स, केस डेप्थ (कडक थराची जाडी), कडकपणा, शेवटचं माप. तिन्ही टप्प्यांवर तपासणी पास. तरीही काही महिन्यांनी एका बाजूच्या दातांचे पृष्ठभाग सोलले जाऊ लागले.

कापून पाहिल्यावर कारण कळलं. कार्ब्युरायझिंगनंतर क्वेंचिंगमध्ये (तापलेला भाग झटकन थंड करताना) शाफ्ट थोडा वाकत होता, दातही मुरडत होते. ग्राइंडरने शेवटचं माप बरोबर आणलं, पण त्यासाठी दाताच्या एका फ्लँकवरून (बाजूवरून) जास्त आणि दुसऱ्यावरून कमी घासलं. जिथे जास्त घासलं, तिथे कडक थर पातळ झाला. व्हेंडरने मोजलेली केस डेप्थ ग्राइंडिंगच्या आधीची होती आणि आम्हाला हवी होती नंतरची. सांध्यावर आम्ही आकडे लिहिले, पण भाग किती आणि कोणत्या दिशेला मुरडला हे पलीकडे पोचवलंच नाही. चूक व्हेंडरची नव्हती. सांधा चुकीच्या जागी पडला होता आणि तो मी पाडला होता. त्यानंतर हीट ट्रीटमेंट आणि ग्राइंडिंग यांना आम्ही एकच तुकडा धरलं. भट्टीत पिनियन उभे टांगायचे हे ठरवलं, क्वेंचिंगनंतरचा रनआउट (फिरवताना दिसणारा वाकडेपणा) प्रत्येक नगावर लिहून पाठवायचा, आणि ग्राइंडिंग झाल्यावर केस डेप्थ नमुन्यावर पुन्हा बघायची. तेव्हापासून एक प्रश्न मी विसरत नाही: या सांध्यावरून मापाशिवाय आणखी काय पलीकडे जातंय?

बफरबद्दल, म्हणजे दोन पायऱ्यांमधल्या साठ्याबद्दल, थोडक्यात. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजनांमध्ये कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवतात. एका टप्प्यावर पंप बंद पडले, तर मधल्या कालव्यात किंवा हौदात जेवढी साठवण असेल तेवढाच वेळ वरच्या टप्प्याच्या हातात असतो. शॉपमध्येही दोन तुकड्यांमध्ये ठेवलेली थोडी तयार बॅच तेवढंच काम करते. ती वेळ देते, सांध्यातली चूक दुरुस्त करत नाही. उलट ढीग मोठा असेल तर चूक उशिरा सापडते आणि तोवर शंभर नग झालेले असतात. बफर लहान ठेवा.

तुमच्याकडे सुरुवात फिक्स्चर आणि मशीन यांच्या सांध्यापासून करा असं मी सुचवेन, कारण फायदा घड्याळात दिसतो आणि माणसं पटकन विश्वास ठेवतात. व्हीएमसीच्या टेबलावर एक बेस प्लेट कायमची बसवा. त्यावर ठरावीक अंतराची भोकं असू द्या आणि प्रत्येक फिक्स्चरच्या तळाला त्यांना जुळणाऱ्या दोन पिना. एक पिन गोल आणि दुसरी डायमंड, म्हणजे दोन भोकांच्या अंतरातल्या फरकाने फिक्स्चर अडकत नाही. 25 मि.मी.चं भोक एच 7 या टॉलरन्समध्ये (मापातल्या मान्य फरकाच्या मर्यादेत) केलं तर ते 25.000 ते 25.021 असतं, आणि पिन जी 6 मध्ये केली तर 24.980 ते 24.993. म्हणजे फट कमीत कमी 7 मायक्रॉन आणि जास्तीत जास्त 41. बेअरिंग हाउसिंगच्या पहिल्या सेटअपला हे आरामात चालतं. जिथे दोन सेटअपमध्ये मिळून भोकाची जागा काही मायक्रॉनमध्ये धरायची आहे, तिथे हे चालणार नाही, तिथे झीरो पॉइंट क्लॅम्प (दर वेळी अचूक त्याच जागी धरणारी यंत्रणा) घ्यावा लागतो किंवा दोन्ही भोकं एकाच सेटअपला करावी लागतात. हा हिशेब आधी कागदावर करा. महागडं क्लॅम्पिंग विकत घेऊन सैल कामाला वापरलेलं आणि साध्या पिनांवर बारीक काम मागितलेलं, दोन्ही मी पाहिलंय.

हा सांधा ठरला की पुढचा जॉब टेबलाबाहेर, मशीन चालू असतानाच फिक्स्चरवर बांधता येतो. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी मशीन थांबवून करायची कामं आणि मशीन चालू असताना करायची कामं वेगळी केली. टोयोटातल्या 1,000 टनी प्रेसचं डाय बदलणं त्यांनी चार तासांवरून तीन मिनिटांवर आणलं, त्याच्या मुळाशी हेच होतं. तुम्हाला तीन मिनिटं नकोत. दीड तासाचं सेटिंग वीस मिनिटांवर आलं तरी पाच नगांची ऑर्डर परवडू लागते, आणि जॉबवर्कवाल्याचं पोट अशाच ऑर्डरींवर आहे.

फिक्स्चरनंतर रूट कार्डाकडे वळा. दर ऑर्डरला कार्ड पहिल्यापासून लिहिण्याऐवजी ठरावीक ब्लॉक करा: 'फ्लँज शाफ्ट, पहिला सेटअप', 'कीवे', 'बेअरिंग सीट ग्राइंडिंग'. प्रत्येक ब्लॉकवर आत काय यायला हवं आणि बाहेर काय जाणार, एवढं दोन-तीन ओळींत. नवं ड्रॉईंग आलं की आधी पाहायचं, यातले किती ब्लॉक आहेत तसे चालतील. जे चालणार नाहीत, तिथेच एस्टिमेटचा धोका आहे आणि तिथेच तुमचा वेळ घाला.

एक गोष्ट मात्र तोडू नका. मिरजेची सतार तुम्हाला माहीत आहे. शिकलगार घराण्यांनी सुरू केलेलं हे काम, 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा निवडणारा वेगळा, लाकूडकाम करणारा वेगळा, नक्षी आणि पॉलिशवाला वेगळा. कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती उत्तम चालते. पण शेवटी जवारी काढणारा कारागीर बसतो, तो ब्रिज घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. त्या क्षणी तो सगळ्या वाद्याचा मालक असतो. भोपळा कसा आहे, दांडी कशी आहे, सगळं त्याच्या कानात एकत्र येतं. नाद कोणत्याही एका तुकड्यात नसतो, म्हणून तो तुकड्यागणिक तपासताही येत नाही.

तुमच्या गिअरबॉक्समध्ये आवाज, तापमान आणि दातांचा कॉन्टॅक्ट पॅटर्न ही तशीच कामं आहेत. प्रत्येक भाग आपापल्या टॉलरन्समध्ये असूनही जुळणी झाल्यावर बॉक्स ओरडू शकतो. दातांना निळं लावून कॉन्टॅक्ट पाहणं, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) बदलणं, लोडवर चालवून ऐकणं, हे एकाच अनुभवी फिटरच्या हाती ठेवा आणि त्याला मागच्या कोणत्याही तुकड्याचं काम परत पाठवायचा अधिकार द्या. त्याच्या हाताखाली एक तरुण पोरगाही आत्तापासूनच बसवा, कारण ही पायरी ब्लॉकमध्ये लिहून दुसऱ्याला देता येत नाही.

आधी पहिल्या महिन्याची वही पूर्ण होऊ द्या. तोवर एकही टेबल हलवू नका, एकही फिक्स्चर नवं करू नका. तक्ता भरला की सगळ्यात दाट आणि सगळ्यात विरळ अशी दोन-दोन घरं निवडून मला कळवा, कोणता सांधा आधी घ्यायचा ते तेव्हा बोलू.